टीव्हीसाठी आठ फूट खड्डा

सोमवारी सकाळी माझी अर्ध्या गालाची दाढी झालेली असताना घनसावंगीहून गोजरअक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या फोनला सुरुवात नसते, एकदम मुद्दाच असतो.

"भुजंगा, मी टीव्हीवर येऊन राह्यले. रविवारी अकराला."

शेतीच्या कार्यक्रमवाली माणसं महिन्यापूर्वी तिच्या मोसंबीच्या बागेत येऊन गेली होती म्हणे. त्यांनी दिवसभर अक्काला झाडांमधून चालायला लावलं आणि अक्काने त्यांना दिवसभर खायला लावलं. आता ते सगळं दाखवणार होते. पण तिच्या गावात रविवारी दहा ते दोन वीज नसते. म्हणून तिने परस्पर ठरवून टाकलं होतं की बघायला जालन्याला माझ्याकडे यायचं.

"ये की," मी म्हणालो. "किती जण?"

"लई न्हाई. जीपमधी मावतील तेवढेच."

जीपमध्ये किती मावतात हे ज्याने घनसावंगीच्या रस्त्यावर कधी प्रवास केलाय त्यालाच ठाऊक. मी साबणासकट खुर्चीवर बसलो.

आमच्या केबलवाल्याकडे ते चॅनेल नव्हतं. "साहेब, शेतीचं च्यानल शहरात कोण पाहातं?" असं त्याने मलाच विचारलं. म्हणजे छत्री घेणं आलं, ती गच्चीवरची डिश. साल दोन हजार सात. आमच्या कॉलनीत तोवर तीन गच्च्यांवर छत्र्या उगवल्या होत्या. तेव्हा यात काही अवघड असेल असं मला वाटलं नाही. मंगळवारी दुकानात गेलो आणि छत्रीचं खोकं घेऊन आलो.

बुधवारी वसंता फिटर आला. चाळिशीचा माणूस, कानावर पेन्सिल, खिशात पाना. आमच्या बाजूला मोठं कडुलिंबाचं झाड असल्यामुळे आभाळ दिसेना, म्हणून त्याने गच्चीचा पार दुसरा कोपरा निवडला. तिथे आमची गच्ची शेजारच्या पाशामियाँच्या गच्चीला लागून आहे. मग तो म्हणाला, "चार विटा द्या."

"विटा कशाला?"

"छत्रीच्या पायावर ठेवायला. वाऱ्यानं उडत न्हाई मंग."

मी खाली गेलो आणि विटांऐवजी खोक्यातलं पुस्तक घेऊन वर आलो. इथे मला स्वतःबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत स्टोअरकीपर आहे. माझ्या गोदामातून सुतळीचा तोडासुद्धा सहीशिवाय बाहेर जात नाही. हे वाक्य मी अभिमानाने उच्चारतो. माझी बायको बेबीनंदा तेच वाक्य वेगळ्या सुरात उच्चारते. तर ते बत्तीस पानांचं पुस्तक मी मंगळवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आतच संपवलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की छत्रीचा खांब भिंतीला पक्का बसवून त्याला जाड तारेने जमिनीत अर्थिंग द्यावं. केबल विजेच्या वायरींच्या नळीतून नेऊ नये. तिला उघड्यावर जोड देऊ नये. आणि घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरूनच गळून जाईल, केबलीच्या आधाराने टीव्हीत उतरणार नाही. हे मी वसंताला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने टोपी काढून ऐकलं.

"साहेब," तो म्हणाला, "मी आजपस्तोर सहाशे छत्र्या बसवल्या. हे पुस्तक उघडलेलं पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

"मग त्या सहाशे घरांत अर्थिंग?"

"त्या सहाशे घरांत टीव्ही चालू हे."

वसंताने खांब तेवढा भिंतीला पक्का केला, छत्री काढून बाजूला ठेवली आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "अर्थिंग करून ठेवा, मंग बोलवा. जल्दी करा पण. रविवारी पहाटं मी लग्नाला चाल्लो."

संध्याकाळी गच्चीवर गेलो तर छत्री उताणी पडलेली आणि बेबीनंदाने तिच्यात मिरच्या वाळत घातलेल्या.

"कशाच्या तरी कामाला आली," ती म्हणाली.

पाशामियाँ म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं खांबावर काढल्यामुळे जमिनीवरच्या माणसांकडे ते थोडं दयेने बघतात. नियम ऐकून त्यांनी माझी पाठ थोपटली. "बराबर हे भुजंगराव. अर्थिंगबिगर लोखंड गच्चीवर उभं करायचं म्हंजे विजेला घरचा पत्ता देणं हे. आधी तुमच्या घरचं अर्थिंग कुठं गेलं ते बघू. तिथंच जोडून टाकू."

आम्ही मीटरपासून निघालो. हिरवी तार मीटरच्या पाटीतून निघून भिंतीवरून खाली गेली होती, न्हाणीघराच्या मागून वळली होती, मागच्या अंगणात आली होती आणि तिथे सीताफळाच्या झाडाला तीन वेढे देऊन गाठ मारून संपली होती. गाठ सुबक होती. पाशामियाँनी गाठ ओढून बघितली. मग आत जाऊन त्यांनी शंभराचा बल्ब आणला, एक वायर विजेला जोडली आणि दुसरी सीताफळाला लावलेल्या तारेला टेकवली. बल्बने डोळासुद्धा उघडला नाही.

"झाडाला मंजूर न्हाई," पाशामियाँ म्हणाले.

अकरा वर्षं आमचं सगळं घर, इस्त्री, फ्रीज आणि मी धरून, एका सीताफळाच्या भरवशावर होतं. हे कळल्यावर मला पाणी प्यावंसं वाटलं. फ्रीज उघडायचा धीर झाला नाही, माठातलं प्यालो.

आता नवीन अर्थिंग करणं भागच होतं. पाशामियाँनी हिशेब सांगितला. आठ फूट खोल खड्डा, त्यात उभा लोखंडी नळ, भोवती खडामीठ आणि कोळशाचे थर. जागा कुठे, तर अंगणात सीताफळाची मुळं आडवी येतात म्हणून आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मागच्या पट्टीत. पण ती पट्टी कॉलनीच्या सोसायटीची. म्हणजे काकासाहेबांकडे जाणं आलं.

काकासाहेब सोसायटीचे चेअरमन, आणि त्याआधी तलाठी. तलाठीपण त्यांच्या अंगातून अजून गेलेलं नाही. त्यांनी माझा अर्ज तीन प्रतींत घेतला, चतुःसीमा लिहायला लावल्या, पूर्वेला कोणाचं झाड ते विचारलं.

"खड्डा कशासाठी म्हणले?"

"टीव्हीसाठी."

त्यांनी चष्मा काढला. "भुजंगराव, तीस वर्षं मी पंचनामे केलेत. माणूस बोअर घेतो तेव्हा बोअर म्हणत न्हाई, हे मला माहीत हे."

मी पुस्तकाचं अकरावं पान उघडून दाखवलं. त्यांनी ते वाचलं, त्यावर शिक्का मारावा का याचा थोडा विचार केला आणि "हरकत नाही" असं लिहून दिलं. पण पलीकडच्या खोलीतून त्यांच्या पत्नीने, कांताबाईंनी, 'खड्डा' आणि 'बोअर' हे दोनच शब्द ऐकले होते. आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा येतो. तिथे या दोन शब्दांना किती पाय फुटतात हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी किरकोळ रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं: 'घरगुती खड्डा.' विहिरी खणणारा पुंजाराम पहार आणि फावडं घेऊन आला. पहिले तीन फूट काळी माती लागली, तोवर तो गाणं म्हणत होता. मग मुरूम लागला आणि गाणं थांबलं. दुपारी पाच फुटांवर आला तेव्हा खड्ड्याच्या काठावर पंधरा-वीस माणसं होती. कोणी बादली आणली होती, कोणी घागर. बादली आणणारा माणूस चेष्टेने आणत नाही, हे मला तिच्या तळाकडे बघून कळलं. आतून धुतलेली होती.

"ओल दिसली का?" एकाने विचारलं.

"पाणी काढायचं नाहीये," मी म्हणालो.

"असं सगळेच म्हणतेत."

एकाने सल्ला दिला की इथे नको, दोन हात उत्तरेला सरका, तिथे झरा आहे. दुसरा म्हणाला की उत्तरेला खडक आहे, दक्षिणेला सरका. तिसऱ्याने पाणी शोधायला तळहातावर नारळ आडवा धरला आणि डोळे मिटून पट्टीभर फिरला. नारळ खड्ड्यापाशी उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुस्तक उघडून सर्वांना उद्देशून अकरावं पान वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीपर्यंत लोक सहन करत होते.

त्यात शुक्रवारी सकाळी पाणीपुरवठ्याकडचे एक साहेब मोटारसायकलवर आले. विनापरवाना बोअरची तक्रार होती. मी सगळं सांगितलं. छत्री दाखवली. छत्रीत मिरच्या होत्या. साहेबांनी खड्ड्यात वाकून बघितलं. आत पुंजाराम आठव्या फुटावर घामाने निथळत उभा होता.

"काय लागलं रे?"

"दगड लागला साहेब. दुसरं काय लागायचं?"

साहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी समोर बसून अहवाल लिहिला आणि माझी सही घेतली. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'सदर इसम टीव्ही पाहण्यासाठी आठ फूट खड्डा खोदत असल्याचे सांगतो व तसे त्याच्या पत्नीसही मान्य आहे.' पत्नीने ते वाचून "मान्य शब्द खोडा, माहीत लिहा" अशी दुरुस्ती सुचवली. साहेबांनी ती केली.

बोअरची अफवा तिथे मेली. पण दुपारी मी टेम्पोतून खडामिठाचं पोतं आणि कोळशाची दोन पोती उतरवली, आणि लगेच दुसरी अफवा उठली. खड्डा, मीठ, कोळसा, आणि आदल्या दिवशीचा नारळ. कांताबाई पदर सावरत मागच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

"बेबीनंदा, खरं सांग. हंडा हे का?"

"कशाचा हंडा?"

"अगं, मला वाटा नको. नुसतं बघू दे. सोन्याला हात लावणार न्हाई मी."

बेबीनंदाने कणीक मळता मळता सांगितलं, "काकू, ह्यांच्या हातानं लग्नात हरवलेली अंगठी अजून सापडली न्हाई. हंडा कुठला सापडतो?"

कांताबाईंना ते पटलं. माझ्याबद्दलची कुठलीही वाईट गोष्ट कॉलनीला पटकन पटते. माझ्या अब्रूचं नुकसान झालं, पण गर्दी कमी झाली.

शनिवारी सकाळी पाशामियाँ स्वतः खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले. नळ उभा केला, मिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ, असं करत खड्डा भरला. वर विटांचा छोटा चौकोनी हौद केला, त्याला लोखंडी झाकण. मग जाड तार नळाला नटबोल्टने कसली. एक टोक मीटरकडे गेलं, एक टोक वर गच्चीवर छत्रीच्या खांबाकडे. पाशामियाँनी तोच बल्ब आणला. मला म्हणाले, "तुम्ही लावा."

मी वायर टेकवली. बल्ब भक्कन पेटला, इतका की भर उन्हात डोळ्यांना झोंबला. पुंजाराम "अरे वा!" म्हणाला. मला काय झालं कोण जाणे, मी वायर काढून पुन्हा एकदा टेकवली. माणसाच्या घरात इतकी वर्षं न दिसणारी एखादी गोष्ट बरोबर झाली की असंच होत असावं. पाशामियाँनी बल्ब विझवला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "चला, चहा घेऊ. खैरुननं ठेवलाय." खैरुनबी म्हणजे त्यांच्या पत्नी.

दुपारी वसंताला बोलावलं. तो आला, खड्ड्याचं झाकण बघून त्याने त्याला नमस्कार केला. मिरच्या काढून छत्री बसवली, खांबाची तार तपासली. मग केबल सोडायला घेतली आणि थांबला.

"साहेब, तुमच्या हॉलपस्तोर जवळचा रस्ता म्हंजे ही विजेची नळी. हिच्यातून बराबर पुरते."

"विजेच्या नळीतून न्यायची नाही."

"मंग बाहेरून भिंतीनं वळसा घालून न्या. पण दहा मीटर कमी पडती. जोड देऊ?"

"जोड द्यायचा नाही."

वसंताने पाना खिशात ठेवला. खोक्यातली केबल तेवढीच होती. गावात तीन दुकानं फिरलो. पुस्तकात लिहिलेल्या जातीची केबल सोमवारी औरंगाबादहून येणार होती. बाकी होती ती सगळी जुन्या जातीची. संध्याकाळचे सहा वाजत आले. घनसावंगीत जीप ठरलेली. वसंता पहाटे लग्नाला जाणार. आणि मी हातात पुस्तक घेऊन गच्चीवर उभा.

"अहो," बेबीनंदा म्हणाली, पहिल्यांदाच चेष्टा न करता, "अक्कानं लुगडं नवीन घेतलंय. फोन आल्ता मघाशी. एवढं एक वेळ द्या जोड."

मी पुस्तक मिटलं. खरं सांगायचं तर मी 'द्या' म्हणणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून पाशामियाँचा आवाज आला.

"केबल टीव्हीपस्तोर जात न्हाई ना? मंग टीव्ही केबलपस्तोर आणा. छत्रीखाली तुमचं न्हाणीघर, पण भिंतीपल्याड बिलकुल माझी बैठक हे. झरोक्यातून सोडा, झोळ देऊन. आठ मीटरमधी काम होतं."

वसंताने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकाकडे बघितलं. टीव्ही कुणाच्या घरात असावा याबद्दल पुस्तकात एक अक्षर नव्हतं.

पाशामियाँकडे स्वतःचा चौदा इंची होता, पण काळा-पांढरा. अक्काची मोसंबी पिवळी दिसायला हवी, म्हणून आमचा एकवीस इंची रंगीत मी, वसंता, पाशामियाँ आणि काकासाहेब अशा चौघांनी वाहून नेला. काकासाहेब वाटेत "सावकाश, सावकाश" म्हणत होते आणि त्यांची बाजू खाली जात होती. खैरुनबींनी बैठकीतला पलंग हलवून, पडदे धुतलेले लावून सगळं तयार ठेवलं होतं. सात वाजता चित्र आलं. इतकं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातलं हललेलं दिसलं. वसंता म्हणाला, "साहेब, सहाशेमधी असं चित्र न्हाई पाह्यलं." अर्थात यात अर्थिंगचा काही भाग नव्हता, हे मला माहीत होतं. पण मी त्याला तसं सांगितलं नाही.

रविवारी साडेदहाला जीप आली. सतरा माणसं उतरली. शेवटी अक्का उतरली, हिरवं लुगडं, हातात मोसंबीची पिशवी. मी तिला आमच्या दारावरून पुढे पाशामियाँच्या दारात नेलं तेव्हा तिने कारण विचारलं नाही. आत जाऊन खैरुनबींच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "लई माणसं आणली बाई तुझ्या घरी."

"आने दो ना आपा," खैरुनबी म्हणाल्या. "शिरा बी लई केलाय."

अकरा वाजले. आमच्या कॉलनीतले निम्मे लोक खिडकीत आणि दारात होते. कार्यक्रम सुरू झाला आणि झाडंच झाडं दिसली, पिवळी, लगडलेली. मग अक्का आली. बैठकीतले सगळे पुढे सरकले. पलंगावर बसलेली अक्का मात्र टीव्हीकडे बघेना, लाजून लुगड्याचा काठ मोजत राहिली.

टीव्हीतली अक्का चांगली बोलत होती. दुष्काळात मडक्याने पाणी घालून झाडं कशी जगवली ते सांगितलं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं की फवारणीच्या औषधांची मात्रा इतकी नेमकी कशी काय जमते, शाळेत गेल्या होतात का.

"शाळा कुठली?" टीव्हीतली अक्का म्हणाली. "मला वाचता येत न्हाई. औषध माझा भाऊ आणतो जालन्याहून. बाटलीसंगटचा कागद पहिल्यापासून शेवटपस्तोर वाचून दाखवल्याबिगर बाटली हातात देत न्हाई तो. तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याकडं तोंड करू नका, समदं. कट्टाळा येतो ऐकून. पण आमच्या शिवारात फवारणी करताना चार माणसं दवाखान्यात गेली, माझ्या बागेतलं एक बी न्हाई."

मग तिने मोसंबी हातात धरली आणि कार्यक्रम पुढे निघाला.

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी झरोक्याजवळ जाऊन केबलीचा झोळ नीट आहे का ते तपासायला लागलो. झोळ नीटच होता. तरी बराच वेळ तपासला. मागून बेबीनंदाने माझ्या हातात शिऱ्याची बशी दिली. तिच्यात काजू इतरांपेक्षा जास्त होते.

जेवणं झाल्यावर अक्का म्हणाली, "ज्याच्यासाठी एवढं केलं तो खड्डा तरी दाखवा." सतरा माणसं आणि कॉलनी पट्टीत उभी राहिली. पाशामियाँनी झाकण उचललं. आत मिठाच्या वर नळाचं तोंड दिसत होतं. अक्का लुगडं सावरत उकिडवी बसली आणि कडेची माती बोटांत घेऊन चुरली.

"कोरडं पडलं तर चालतं का ह्याला?"

"न्हाई आपा," पाशामियाँ म्हणाले. "उन्हाळ्यात ओल पायजे. हप्त्याला एक बादली पाणी."

अक्काने मान वर करून बघितलं. कॉलनीच्या नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते. मग कांताबाई मागे वळल्या, आपल्या घरात गेल्या आणि अर्धी बादली घेऊन आल्या. अक्काने ती घेतली. झाडाच्या आळ्यात घालतात तसं तळहातावरून, जरा जरा, चारी बाजूंनी फिरवत पाणी घातलं. पाणी मुरेपर्यंत थांबली. कान देऊन ऐकलं. मग हात लुगड्याला पुसून उठली.

"चांगलं लागलंय," ती म्हणाली. "जगंल."